दाढीवाला सरडा : त्याची वाढ आणि त्याचे लिंग

सरडा हा प्राणी कोणी हौसेने घरात पाळील, ही कल्पना आपल्यापैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. कुंपणावर मान हलवीत बसलेला सरडा पाहून लहानपणी खडा उचलला असेल, एवढाच काय तो आपला आणि त्याचा संबंध. परंतु ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत कुत्र्यामांजरांच्या जोडीला काचेच्या पेटीत एक सरडा नांदत आहे, अशी घरे आता थोडी नाहीत. आपली मुलेबाळे या देशांत जाऊन राहिली आहेत. तेव्हा "आजोबा, आमच्याकडे ड्रॅगन आहे," असे नातवाच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग श्रोत्यांपैकी काहींवर आलाही असेल. हा ड्रॅगन म्हणजे पुराणातला अग्नी ओकणारा राक्षस नव्हे. तो एक गरीब, सुस्त, माणसाच्या खांद्यावर निमूट बसून राहणारा सरडा आहे. इंग्रजीत त्यास 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. आपण त्यास दाढीवाला सरडा म्हणू.

हा प्राणी घरी आणणाऱ्यांस पहिल्या वर्षात दोन चिंता हटकून ग्रासतात. पहिली, याची वाढ नीट होत आहे ना? दुसरी, हा नर आहे की मादी? आश्चर्य असे की, ज्या प्रश्नाची घाई करू नये त्याची माणसे घाई करतात आणि ज्याची करावयास हवी त्याकडे काणाडोळा करतात. पिल्लू हातभरही झालेले नसताना त्याची शेपटी वर करून नर-मादीचा निवाडा चाललेला असतो. आणि तेच पिल्लू महिनाभर वजनाने वाढले नाही तर "असेल एखाद्याची चण लहान," म्हणून सोडून दिले जाते. या दोन्ही प्रश्नांचे शास्त्र काय सांगते, ते येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. याचे शास्त्रीय नाव 'पोगोना व्हिटिसेप्स'. 'पोगोन' म्हणजे ग्रीक भाषेत दाढी. हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवून व काळी करून हा शत्रूस भिववितो, म्हणून हे नाव पडले. अर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिचे घर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा, विरळ झाडीचा, उन्हाने तापणारा मुलूख. तेथे हा झाडाच्या बुंध्यावर, खडकावर आणि विशेषतः शेताच्या कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेला आढळतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही आपली म्हण त्या दूरच्या खंडातही खोटी ठरत नाही! यात नवल नाही. कारण आपला बागेतला सरडा आणि हा दाढीवाला, दोघेही 'ॲगॅमिडी' या एकाच कुळातले. आपल्या सरड्याचा गळा विणीच्या हंगामात लालबुंद होतो, याची दाढी काळी होते, एवढाच काय तो घराण्यातला फरक. ऑस्ट्रेलियातून वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात करण्यास बंदी आहे. त्यामुळे इतर देशांतील दाढीवाले सरडे पूर्वी बाहेर गेलेल्या प्राण्यांचे वंशज असून पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. हा सारा तपशील सांगण्याचे कारण एकच. घर बदलले तरी या प्राण्याचे शरीर त्या तापलेल्या मुलखासाठीच घडलेले आहे. त्याच्या वाढीचा हिशेब तेथूनच सुरू होतो.

आता वाढीचा प्रश्न घेऊ. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू शेपटीसकट सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि वजनाने अवघे २ ते ३ ग्रॅम असते. पूर्ण वाढलेला प्राणी ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो. त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच असते. वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम होते. ही मजल तो वर्ष-दीड वर्षात गाठतो. मनुष्याचे मूल पहिल्या वर्षात वजनाने तिप्पट होते. हे पिल्लू शंभरपट होते! एवढी झपाट्याची वाढ चालू असताना तीत आठ-पंधरा दिवसांचा खंड पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण मोजावयाचे कसे? येथेच पहिली गफलत होते. माणसे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत फूटपट्टी धरतात आणि शेजाऱ्याच्या सरड्याशी तुलना करतात. परंतु एकाच पेटीत वाढणारी पिल्ले भूक लागली की एकमेकांच्या शेपटीचे शेंडे, पायांची बोटेसुद्धा तोडतात. आपल्या घरातल्या पालीची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते; दाढीवाल्या सरड्याची फुटत नाही. तेव्हा शेंडा गमावलेले पिल्लू पट्टीवर आखूड भरते, पण म्हणून ते खुरटलेले असतेच असे नाही. यासाठी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या आडव्या फटीपर्यंत, म्हणजे अवस्करद्वारापर्यंत, लांबी मोजावी. मलमूत्र आणि अंडी याच वाटेने बाहेर पडतात. याहूनही विश्वासाचे साधन म्हणजे तराजू. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा घ्यावा, आठवड्यातून एकदा, ठराविक वेळी, खाऊ घालण्यापूर्वी वजन करावे आणि वहीत टिपून ठेवावे. दुसऱ्याच्या सरड्याशी केलेली तुलना बहुधा फसवी असते, कारण जात, वय, खाणे, पेटी सारेच निराळे असते. स्वतःच्याच मागील आठवड्याशी केलेली तुलना मात्र फसवीत नाही.

वही वाढ थांबल्याचे सांगू लागली, तर कारण शोधावयाचे कोठे? आमच्या मते चार ठिकाणी, आणि तेही याच क्रमाने.

पहिले ठिकाण म्हणजे उष्णता. आपल्या शरीरातली भट्टी आपण खाल्लेल्या अन्नावर आतूनच पेटती ठेवतो. सरड्यास ती सोय नाही. त्यास ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर पोटातले अन्न पचत नाही. आणि न पचलेले अन्न कितीही घातले तरी अंगी लागत नाही. म्हणून पेटीच्या एका टोकास दिव्याखाली ऊन खाण्याची जागा असावी व तेथील तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सियस असावे. दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास थंड असावे. म्हणजे प्राणी स्वतःच इकडून तिकडे सरकून आपल्या अंगाचे तापमान राखतो. सकाळी गार असताना त्याचा रंग काळवंडतो, कारण गडद रंग उष्णता लवकर शोषतो. अंग तापले की तो फिकट होतो. तापमापक काचेवर चिकटवून उपयोग नाही. प्राणी जेथे बसतो, तेथील उष्णता मोजली पाहिजे.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रकाश. उष्णता आणि प्रकाश या दोन निरनिराळ्या गरजा आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक ठराविक पट्टा कातडीवर पडला की तेथे ड-जीवनसत्त्व तयार होऊ लागते. या किरणांस पूर्वी आपल्याकडे जंबुपार किरण म्हणत. ड-जीवनसत्त्वावाचून आतड्यास अन्नातील चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट शोषता येत नाही. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येत नाहीत. काचेआडून आलेल्या उन्हात ऊब असते, पण हाडास लागणारा गुण नसतो. म्हणून पेटीत या किरणांची खास नळी लावावी लागते. या नळीची गंमत अशी की, ती डोळ्यांस लख्ख दिसत असतानाच तिच्यातून निघणारे उपयुक्त किरण मंदावत जातात. म्हणून ती ठराविक मुदतीने बदलावी लागते. दिवा जळतो आहे, पण किरण नाहीत, अशा उजेडात कित्येक पिल्ले खुरटतात.

तिसरे ठिकाण म्हणजे अन्न. लहान पिल्लांचा भर किड्यांवर असतो. मोठेपणी हा प्राणी बव्हंशी शाकाहारी होतो. खाद्य म्हणून मिळणारे रातकिडे फॉस्फरसाने श्रीमंत पण कॅल्शियमने दरिद्री असतात. म्हणून त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरून मगच ते द्यावयाचे असतात. पालेभाजीतही निवड हवी. पालक आपल्या समजुतीप्रमाणे पौष्टिक खरा, पण त्यातील ऑक्झॅलेट हे कॅल्शियमला बांधून टाकते. तो रोजच्या ताटात नको. मोहरीच्या कुळातली पाने बरी. कॅल्शियम कमी पडले म्हणजे शरीर काय करते? रक्तातले कॅल्शियम तर टिकविलेच पाहिजे, कारण स्नायू आणि मज्जातंतू त्यावर चालतात. तेव्हा गळ्यातील परावटु ग्रंथी हाडांतून ते काढून घेऊ लागतात. घरखर्चास पैसे नाहीत म्हणून भिंतीच्या विटा विकाव्या, तसा हा प्रकार! मग जबडा मऊ पडतो, पायाची बोटे थरथरतात, पाय सुजतात, पाठ वाकते, पोट जमिनीवरून उचलता येत नाही. सुरुवातीसच ओळखले तर हा रोग आवरता येतो. वाकलेले हाड मात्र पुन्हा सरळ होत नाही.

चौथे ठिकाण म्हणजे सोबत आणि जंत. "एकटा कंटाळेल," म्हणून माणसे दोन पिल्ले एकत्र ठेवतात. हा विचार माणसाचा आहे, सरड्याचा नव्हे. हा प्राणी एकलकोंडा. दोघांपैकी दांडगा असेल तो दिव्याखालची जागा बळकावतो आणि आधी खातो. दुसरा भांडणावाचूनच उपाशी राहतो. दोघे एकमेकांच्या अंगावर बसलेले दिसले की घरची मंडळी कौतुक करतात. वस्तुतः वरचा खालच्याचे ऊन हिरावीत असतो. निराळे करताच मागे पडलेले पिल्लू वाढू लागते, असा अनुभव वारंवार येतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर विष्ठेची तपासणी करवून घ्यावी. कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्यात माजले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. ही तपासणी, आणि औषध द्यावयाचे की नाही हा निर्णय, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचा आहे. घरच्या घरी औषध पाजू नये. मोठा प्राणी हिवाळ्यात काही आठवडे खाणे टाकून झोपून राहतो, ते स्वाभाविक असते. पण वर्षाच्या आतले पिल्लू खाईनासे झाले आणि झोपूनच राहू लागले, तर ते हिवाळ्यावर ढकलू नये.

आता दुसरा प्रश्न : नर की मादी? तो ओळखण्याची रीत सोपी आहे. प्राणी तळहातावर पालथा, स्थिर धरावा, शेपटी हलकेच उचलावी, काटकोनाहून अधिक कधीही नाही, आणि मुळाशी पाहावे. नराची जननेंद्रिये दोन असतात व ती शेपटीच्या मुळात आत वळलेली असतात. त्यामुळे अवस्करद्वारापलीकडे दोन बाजूंस दोन फुगवटे आणि मध्ये खोलगट पन्हळ दिसते. मादीत तेथे दोन फुगवटे नसतात. असलाच तर मधोमध एक हलका उंचवटा असतो. शिवाय नराच्या मांड्यांच्या आतील बाजूची छिद्रे मोठी व मेणचट स्रावाने भरलेली असतात, डोके रुंद असते, दाढी अधिक काळी होते.

परंतु ही सारी चिन्हे वयात येत असलेल्या प्राण्याची आहेत. पहिल्या दोन-तीन महिन्यांतला निवाडा म्हणजे बहुतेक अंदाज. चार-सहा महिन्यांनी चित्र स्पष्ट होऊ लागते. आणि ज्याची वाढच मागे पडली आहे, त्याची ही चिन्हेही मागे पडतात. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पोटात आहे. दाढी काळी केली म्हणून नर आणि पुढचा पाय हळूच हलविला म्हणून मादी, असेही पुष्कळ सांगितले जाते. ते खरे नाही. भीती, राग, शरणागती हे भाव दोघांनाही आहेत. मादीची दाढीही काळी होते आणि लहान नरही पाय हलवितो. शेपटी वारंवार ओढून पाहण्याने तर पिल्लास इजा होण्याचे भय असते.

मग लिंग जाणून घेण्याची गरजच नाही काय? आहे, पण ती वेळ निराळी. प्राणी वर्षाचा होऊ लागला की ते माहीत असलेच पाहिजे. दोन वयात आलेले नर एका पेटीत ठेवले तर रक्तबंबाळ होईपर्यंत लढतात. नर आणि मादी एकत्र ठेवली तर नर तिला उसंत देत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, मादी नराचे तोंड न पाहताही अंडी घालते. कोंबडी जशी कोंबड्यावाचून अंडी घालते, तसेच हे. ती अंडी निष्फळ असतात, पण अंगातून बाहेर पडावी तर लागतातच. ज्या घरी प्राणी नर समजून वाढविला, त्या घरी एके दिवशी त्याचे पोट गोळ्यागोळ्यांनी फुगते, तो खाणे सोडतो, पेटीचे कोपरे उकरू लागतो. घरच्यांस वाटते, काही विपरीत खाल्ले असेल. वस्तुतः मादी अंडी घालण्यास जागा शोधीत असते. तिला ओलसर वाळूमातीने भरलेली खोल पेटी द्यावी. बहुधा ती तीत खड्डा करून मोकळी होते. जागा मिळाली नाही, अंग दुबळे असले वा कॅल्शियम कमी असले, तर अंडी पोटातच अडकतात. ती मलूल पडली तर एक दिवसही न दवडता वैद्याकडे न्यावी. चुकीच्या निवाड्याने जीव जातो तो येथे. म्हणून आम्ही म्हणतो की, पहिल्या महिन्यात दिलेला निकाल शेवटचा मानू नये. वर्ष भरताना पुन्हा पाहावे.

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की, प्राणी नर असतो किंवा मादी असते, प्रश्न फक्त ओळखण्याचा आहे. परंतु या सरड्याने शास्त्रज्ञांस त्याही पलीकडे नेले आहे. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. या सरड्यात ते पक्ष्यांप्रमाणे मातेकडून ठरते. नराची दोन्ही लिंगगुणसूत्रे सारखी, त्यांस 'झेड-झेड' म्हणतात. मादीची भिन्न, 'झेड-डब्ल्यू'. येथवर सारे सरळ आहे. पण ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्याची अंडी निरनिराळ्या तापमानात उबविली, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. सुमारे ३२ अंशांपर्यंत नर-मादी गुणसूत्रांप्रमाणेच निपजतात. त्यापुढे उष्णता चढू लागली की 'झेड-झेड' गुणसूत्रांची पिल्लेही मादी होऊन बाहेर पडू लागतात! जन्मपत्रिकेत नर लिहिलेला, आणि उन्हाने तो मादी केला. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ साली क्लेअर हॉलेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हे केवळ प्रयोगशाळेतले कौतुक नव्हे. रानातल्या १३१ प्रौढ सरड्यांची तपासणी केली तेव्हा त्यांत नराची गुणसूत्रे असलेल्या ११ माद्या आढळल्या. अशा माद्या वांझ तर नसतातच. उलट त्या नेहमीच्या माद्यांहून अधिक अंडी घालतात.

याचा पुढचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. अशा मादीची नराशी जोडी जमली, तर दोघांकडेही 'डब्ल्यू' गुणसूत्र नाही. तेव्हा संततीकडेही ते जाणार नाही. त्या संततीत नर कोण, मादी कोण, हे मग केवळ अंड्याभोवतीची उष्णता ठरविते. लक्षावधी वर्षांत घडलेली लिंग ठरविण्याची पद्धत एकाच पिढीत बदलते. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे आज आपण सर्वच जाणतो. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग आणखी तापला, आणि जमिनीतली अंडी आणखी भाजली, तर या जातीत माद्याच माद्या निपजून नरांची वाण पडेल काय, हा शास्त्रज्ञांपुढील खराखुरा प्रश्न आहे. कुंपणावर ऊन खात बसलेला एक सरडा एवढी मोठी गोष्ट आपल्या अंगात बाळगून असतो!

पाळणाऱ्याने यातून काय घ्यावे? प्रथम हे की, ऊब ही या प्राण्याच्या बाबतीत चैन नव्हे. अंड्यात असताना ती त्याचे लिंग बदलू शकते, अंड्याबाहेर आल्यावर ती त्याची वाढ ठरविते. दुसरे हे की, पिल्लू नर निघाले काय किंवा मादी निघाली काय, पहिल्या वर्षात त्याची गरज एकच : दिव्याखालची तापलेली जागा, किरणांची चांगली नळी, कॅल्शियम लावलेले अन्न, स्वतंत्र घर आणि वजनाची वही. अपत्य पोटात असतानाच "मुलगा की मुलगी?" या प्रश्नाची घाई करणाऱ्या समाजाने त्यापायी केवढी किंमत मोजली आहे, हे आपणास निराळे सांगावयास नको. सरड्याच्या पिल्लाच्या बाबतीत ती घाई त्या मानाने निरुपद्रवी वाटते, पण तिचा स्वभाव तोच आहे : जे समोर आहे त्याची देखभाल करण्याऐवजी ते कोण आहे याचीच चौकशी.

जाता जाता एक सूचना. हे ऐकून कोणास उत्साह वाटला, तरी आपल्या माळावरचा सरडा किंवा घोरपड धरून पेटीत ठेवू नये. रानातला जीव रानातच शोभतो, आणि घोरपडीस तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण दिले आहे. ऑस्ट्रेलियातही न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सरपटणारे प्राणी पाळण्यास परवाना लागतो. आपल्या सरड्याचे निरीक्षण कुंपणावरच करावे. तो सकाळी काळवंडलेला आणि दुपारी फिकट का दिसतो, गळा कधी लाल करतो, मान कोणास पाहून हलवितो, एवढे पाहिले तरी त्याच्या परदेशी भाऊबंदाविषयी पुस्तकाहून अधिक कळेल. आणि परदेशातल्या नातवाने आपल्या ड्रॅगनची चिंता फोनवर बोलून दाखविली, तर त्यास प्रथम एवढेच विचारावे : "बाळ, या आठवड्यात त्याचे वजन केलेस काय?"